विशारदच्या वाटेवर चौफुला लागतो

नाचाच्या परीक्षेत नापास करतात का हो? शिरूरला कथकचा वर्ग सुरू केल्यापासून हा प्रश्न मला किराणा दुकानदारापासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सर्वांनी विचारला आहे. करतात, असे सांगितले की समोरच्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. नाचणे ही हौस. हौसेत कसले आले पास-नापास? पण दरवर्षी एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा होतात, देशभरातली मुले-मुली त्यांना बसतात आणि त्यांतली काही रडत घरीही येतात.

या परीक्षांची शिडी लांबलचक आहे. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम आणि प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, विशारद प्रथम आणि पूर्ण. सात पायऱ्या झाल्या. त्यांच्याही वर अलंकारच्या दोन. वर्षाला एक पायरी असा कागदावरचा हिशेब. पण मध्ये दहावी येते, बारावी येते, कुणाची कावीळ येते, कुणाच्या वडिलांची बदली येते. सात पायऱ्यांना दहा-अकरा वर्षे सहज लागतात. म्हणजे फ्रॉक घालून वर्गात आलेली मुलगी विशारद पूर्णच्या फॉर्मवर सही करते तेव्हा घरात तिच्या लग्नाची बोलणी चालू असतात.

प्रारंभिकच्या वर्गाला माझ्याकडे सतरंजी पुरत नाही. दहावीला शास्त्रीय नृत्याचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर आयाच फोन करतात, ‘ताई, किती परीक्षा झाल्या की गुण मिळतात?’ मी रागावत नाही. गुणांसाठी आलेली एखादी मुलगी नाचासाठी राहून जाते, हे मी पाहिले आहे. दहावीचा निकाल लागला की मात्र सतरंजीवर जागाच जागा होते. आज विशारदच्या वर्गात तिघीच आहेत. एक शिरूरची, तिचे वडील दूध संकलनाचा हिशेब पाहतात. दुसरी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आलेल्या उत्तर प्रदेशातल्या कुटुंबातली. तिसरी दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समधली, इंजिन ड्रायव्हरची मुलगी. आता लोको पायलट म्हणायचे, पण घरात अजून ड्रायव्हरच म्हणतात. शिरूरला रेल्वे नाही आणि दौंडला रेल्वेशिवाय दुसरे काही नाही, असे आमच्याकडे गमतीने म्हणतात. आठवड्यातून दोन दिवस मी दौंडला जाते, बाकीचे दिवस शिरूरला.

तयारी म्हणजे काय, हे पुण्याच्या वर्गांत वेगळे आणि तालुक्याच्या गावात वेगळे. आमचा शिरूरचा वर्ग भुसार मालाच्या दुकानावर भरतो. शहाबादी फरशी. तिच्यावर तासभर तत्कार केला की गुडघे बोलू लागतात, म्हणून जाड प्लायवूडचे तक्ते आणून टाकले. तेव्हापासून गुडघे गप्प, पण खालचे शेठ बोलू लागले! तक्त्यांचा आवाज थेट त्यांच्या गल्ल्यावर उतरतो. शेवटी तडजोड झाली. दुपारी दोन ते चार, शेठ जेवून वामकुक्षी घेतात त्या वेळी आम्ही नुसते हातांचे काम करायचे. मोठ्या सरावासाठी एक मंगल कार्यालय मिळते. पण परीक्षेचे सत्र आणि लग्नसराई यांचे काय साटेलोटे आहे कोण जाणे! तुळशीचे लग्न लागले की इकडे परीक्षेच्या तारखा आणि तिकडे कार्यालयाला एक तारीख मोकळी नाही. उन्हाळी सत्राचेही तेच. दोन वर्षांपूर्वी आम्ही हळद आणि लग्न यांच्या मधल्या दोन तासांत, पिवळ्या झेंडूच्या माळांखाली, धमार केला होता.

धमार हा चौदा मात्रांचा ताल. त्याच्या समेवर दणकट ‘धा’ येत नाही, ‘क’ येतो. ज्याच्यावर सगळा भार टाकायचा तीच जागा बंद आवाजाची. मुली पहिला महिनाभर तिथे चाचपडतात. त्यात तिहाई. एकच बोल तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्याचे शेवटचे अक्षर बरोबर समेवर पडले पाहिजे. सोळा मात्रांच्या तीनतालात समेपासून निघून पुढच्या समेपर्यंत, ती समही धरून, सतरा मात्रा होतात. मग पाच, एक विश्रांती, पाच, एक विश्रांती, पाच. झाल्या सतरा. झपताल दहाचा, म्हणजे अकरा हव्यात. तीन, एक, तीन, एक, तीन. धमारला पंधरा, पाच त्रिक पंधरा, विश्रांतीला जागाच नाही, श्वास घ्यायला पुढची सम! शिरूरच्या मुलीच्या वडिलांना हे गणित फार आवडते. मुलीला घ्यायला आले की जिन्यात उभे राहून बोटांवर मोजतात आणि समेवर मान हलवतात. फॅट आणि डिग्रीच्या हिशेबात मुरलेला माणूस. सम चुकली की त्यांना मुलीच्या आधी कळते.

नाचण्यापेक्षा अवघड असते ती पढंत. परीक्षकांसमोर उभे राहून, हाताने टाळी-खाली दाखवत, तोडे आणि परणी खणखणीत आवाजात म्हणून दाखवायच्या. पाय धडाधड चालणाऱ्या मुलींचा आवाज इथे बसतो. आयुष्यभर ‘हळू बोल’ ऐकलेल्या मुलीला एकदम परणीचे पखवाजी बोल म्हणायला सांगायचे! दौंडच्या मुलीला मी रुळाजवळ जाऊन म्हणायला सांगितले नव्हते, तो तिचाच शोध. मालगाडी जाताना ती क्वार्टर्सच्या मागच्या अंगणात म्हणायची. गाडी गेल्यावरही आवाज तेवढाच राहिला.

साथीला तबलजी काका आहेत. दौंडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, भजनी मंडळात वाजवणारे. लेहरा आता मोबाइलवर मिळतो; हवा तो ताल, हवी ती लय. सोय मोठी आहे. पण मोबाइल कधी चुकत नाही आणि कधी सांभाळूनही घेत नाही. परीक्षेत समोर जिवंत तबला असतो. म्हणून शेवटचे दोन महिने काकांशिवाय भागत नाही.

हे सगळे, म्हणजे पाय, गणित, पढंत, मेहनतीने येते. विशारदला खरी अडते ती भावावर.

गतभावात शब्द नसतात. लेहरा चालू असतो आणि त्यावर एकटीने सगळी पात्रे उभी करायची. ठुमरीत शब्द असतात. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी तिचा वेगळा अर्थ चेहऱ्यावर, हातांत, नजरेत दाखवायचा असतो. शिवाय अष्टनायिका. नटून वाट पाहणारी वासकसज्जा, रात्री निघालेली अभिसारिका, भांडून मग हळहळणारी कलहांतरिता, रात्र दुसरीकडे घालवून सकाळी परतलेल्या नवऱ्यासमोर उभी असलेली खंडिता, अशा आठ. लेखीत त्यांच्या व्याख्या सगळ्या मुली पाठ लिहितात. करून दाखव म्हटले की पंचाईत. रांजणगावच्या मुलीला ठुमरीची भाषा घरची आहे. सौतन म्हणजे सवत, हे तिला सांगावे लागत नाही. दौंडच्या मुलीला प्रोषितभर्तृका, म्हणजे नवरा परगावी गेलेली, पहिल्या दिवशीच आली. लाइनवर गेलेल्या ड्रायव्हरची बायको ती लहानपणापासून पाहत होती. डबा भरून देणारी आणि मग घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करणारी. शिरूरच्या मुलीच्या वाट्याला खंडिता आली. तिथे गाडी अडली.

एका संध्याकाळी तिचे वडील जिन्यातच थांबले. म्हणाले, ‘‘ताई, एक विचारू का? ते पायांचं काम बघितलं की छाती फुगते बघा. पण ते डोळ्यांचं, ते मुरडणं, ते असतंच का परीक्षेला? त्याला दुसरा पर्याय नसतो का?’’

असतंच, असे मी म्हणाले.

‘‘नाही, म्हणजे... आपल्याकडं चौफुला जवळ आहे ना.’’

या वाक्यात सगळे आले. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. शिरूरहून न्हावऱ्यावरून निघाले, पारगावचा भीमेवरचा पूल ओलांडला की गुऱ्हाळांचा गोड-जळका वास येऊ लागतो आणि केडगाव मागे टाकले की सोलापूर रस्त्यावरचा चौफुला येतो. तिथून पाटसवरून दौंड. या चौफुल्याला संगीत बारीची कला केंद्रे आहेत. रस्त्यावरून पाट्या दिसतात, रात्री दिवे दिसतात. आमच्या दोन्ही तालुक्यांत ‘चौफुल्याला गेला होता’ हे वाक्य पुरुषाबद्दल हसत आणि बाईबद्दल दबक्या आवाजात बोलले जाते. गंमत अशी, की पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन ज्या केडगावात आहे ते इथून थोड्याच अंतरावर. एकाच रस्त्यावर बाईच्या दोन जिंदग्या. माझी बस आठवड्यातून दोनदा दोन्हींवरून जाते.

त्या वडिलांचा मला राग आला नाही, कारण त्यांची भीती नवी नाही. ही परीक्षा ज्या चळवळीतून उभी राहिली तिच्या मुळाशीच ती भीती होती. पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते गाणे कोठ्यांवरून आणि दरबारांतून उचलून घरंदाज घरांत नेण्यासाठी. त्यासाठी त्यांनी शृंगारिक चिजांचे शब्द बदलले, भक्तीचे शब्द घातले. १९३१मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ स्थापन केले. मंडळाच्या परीक्षांत नृत्य पुढे आले. आणि कथक आले ते आपल्याबरोबर लखनौच्या बिंदादीन महाराजांच्या ठुमऱ्या घेऊनच आले. त्यांच्याकडे भाव शिकायला त्या काळच्या तवायफा येत. म्हणजे शृंगार पुढच्या दाराने घालवला आणि विशारदच्या अभ्यासक्रमातून तो मागच्या दाराने, छापील पुस्तक हातात घेऊन, परत आला! मला विचाराल तर बरेच झाले. शृंगाराशिवाय कथक म्हणजे नुसती कवायत.

पुणे जिल्ह्याला तर या बाबतीत मोठा वारसा आहे. १९३६च्या बर्लिनच्या नृत्य ऑलिंपियाडमध्ये आपल्या संचासह वाहवा मिळवलेल्या मॅडम मेनका यांनी खंडाळ्याला नृत्यालय काढले होते. आणि पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७मध्ये नृत्यभारती सुरू केली. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने घुंगरू बांधणे म्हणजे काय प्रकार, असे ज्या शहरात विचारले जात होते त्याच शहरात त्यांनी लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडून घेतलेली विद्या तीन पिढ्यांना दिली. २००८मध्ये त्या गेल्या तेव्हा पुण्यात कथक ही घराघरांतली गोष्ट झाली होती. पण पुणे वेगळे. पुण्याहून शिरूरला येईपर्यंत नगर रस्त्यावर (जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले तरी आमच्या तोंडी नगर रस्ताच) जेमतेम सत्तर किलोमीटर होतात. मनाचे अंतर मात्र वेगळ्या टेपने मोजावे लागते.

खंडितेवर महिना गेला. मुलगी ओठ थरथरवी, भुवया चढवी, पदर झटकी. सगळे बरोबर आणि सगळे खोटे. मराठी मालिकेतली सून दिसत होती. तेव्हा तबलजी काकांनी डग्ग्यावर हात ठेवून, माझ्याकडे न बघता सांगितले की चौफुल्याजवळ एक बाई राहतात, आता थकल्या आहेत. तरुणपणी त्यांच्या बैठकीच्या लावणीला आपण तबल्याला बसत असू. ‘‘त्यांना एकदा दाखवा पोरींना.’’ काका इतकी वर्षे आमच्याकडे वाजवत होते. ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच काढली.

मी तिघींच्या आयांना विचारले. वडिलांना काय सांगायचे ते आयांवर सोडले. एका मंगळवारी दुपारी आम्ही सहाजणी आणि काका असे गेलो. पत्र्याचे स्वच्छ घर, दारात तुळस, भिंतीवर खंडोबा. बाई सत्तरीच्या पुढच्या. चाळ पायांत नव्हतेच, ते केव्हाच सुटले. खाली चटईवर मांडी घालून बसल्या, पदर खांद्यावर घेतला आणि एक ओळ गायला लागल्या. तो उशिरा आला आहे, एवढाच त्या ओळीचा अर्थ. आवाज फाटलेला होता. पण तीच ओळ त्यांनी बसल्या जागी दहा-बारा वेळा म्हटली आणि दर वेळी तिथे दुसरी बाई बसलेली होती. एक हसणारी, एक टोमणा मारणारी, एक दाराकडे पाठ करणारी. आमच्याकडे याला बैठ के भाव बताना म्हणतात. त्यांच्याकडे अदाकारी म्हणतात. मला पुस्तकात वाचून माहीत होते की ही दोन सख्खी भावंडे आहेत. पाहिले त्या दिवशी.

मग त्यांनी शिरूरच्या मुलीला करून दाखवायला सांगितले. तिने केले. बाई म्हणाल्या, ‘‘पोरी, तू राग दावतीस. राग दावायचा न्हाई, राग गिळायचा. अन् गिळताना दिसला पायजे.’’

चहा झाला. निघताना मुलीच्या आईने बाईंच्या ओटीत नारळ घातला आणि वाकून नमस्कार केला. घरून येताना पिशवीत नारळ घेतला होता, म्हणजे हे आधीच ठरवलेले होते.

परतीच्या वाटेवर ती बराच वेळ गप्प होती. न्हावऱ्याच्या अलीकडे एकदम म्हणाली, ‘‘ताई, त्या बाईंनी केलं ना, ते आमच्या सासूबाई करायच्या. मामंजी रात्र रात्र बाहेर असायचे, सकाळी यायचे. सासूबाई एक शब्द बोलायच्या नाहीत. पाणी द्यायच्या, ताट वाढायच्या. फक्त आमटीची वाटी जरा जोरात ठेवायच्या. तेवढंच. आख्ख्या घराला कळायचं.’’ मुलगी मागच्या सीटवरून ऐकत होती. तिने आजीला फारसे पाहिलेले नाही, फोटोतच.

दुसऱ्या दिवशी तिने भुवया खाली ठेवल्या. ताट मांडले, पाट मांडला, भाकरी वाढली, आमटी वाढली, आणि वाटी ठेवली. बस्स. रांजणगावच्या मुलीने ‘अरे बाप रे’ म्हटले आणि काकांचा तबला क्षणभर थांबला.

भरताच्या नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे दोन प्रकार सांगितले आहेत. रोजच्या जगण्यातल्यासारखा अभिनय आणि संकेतांनी बांधलेला अभिनय. कथकच्या खंडितेत भाकरी-आमटी चालते का, हा प्रश्न मलाही पडला. पारंपरिक रचनेत ती आरसा पुढे करते, त्याच्या कपाळावरचे दुसरीच्या कुंकवाचे डाग त्यालाच दाखवते. आम्ही आरसाही ठेवला आहे. आधी आरसा, मग वाटी. परीक्षकांनी विचारले तर उत्तरही तयार आहे; लोकधर्मीचे उदाहरण म्हणून ती तेच लेखीत लिहिणार आहे. लेखीबद्दल जास्त सांगण्यासारखे नाही. पलुस्कर आणि भातखंडे यांच्या ताललिपी, घराणी, हस्तमुद्रा, रसविचार. मुली पाठांतरात पक्क्या असतात आणि शुद्धलेखनात कच्च्या. ‘कलहांतरिता’ हा शब्द तिघींनी तीन प्रकारे लिहिला आहे.

मध्यंतरी त्या मुलीला एक स्थळ आले. मुलाकडच्यांनी नृत्याचा एखादा व्हिडिओ पाठवा म्हणून सांगितले. वडिलांनी तत्काराचा पाठवला; भावाचा नाही. पलीकडून अजून काही कळलेले नाही. परीक्षा होईपर्यंत कळू नये, असे मुलीचे म्हणणे आहे आणि आईचेही.

गेल्या शुक्रवारी वडील नेहमीपेक्षा लवकर आले. आत गतभाव चालू होता. ते जिन्यात न थांबता वर आले, दारापाशी चपला काढल्या आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मुलीने त्यांना पाहिले, पण थांबली नाही. ताट झाले, भाकरी झाली, वाटी झाली. ते काही बोलले नाहीत. मुली घुंगरू सोडत होत्या तेव्हा माझ्याजवळ आले आणि खाली बघत विचारले, ‘‘ते वाटीचं तिला कुणी सांगितलं?’’

तिच्या आईने, मी म्हणाले.

ते थोडा वेळ बोटांची पेरे चाचपत राहिले. मग म्हणाले, ‘‘कितव्या मात्रेला ठेवते ती?’’

‘‘अकराव्या. डग्गा गप्प असतो तिथे.’’

‘‘समेवर नाही?’’

‘‘नाही. समेला ती वळून आत गेलेली असते.’’

त्यांनी मान हलवली. खाली शेठ दुकान बंद करत होते. येत्या रविवारी कार्यालयात लग्न आहे, म्हणून सराव दौंडला ठेवला आहे. या वेळी तिघींना मी पोहोचवते, असे ते जाता जाता सांगून गेले.